पाहुणा नेहमी शेवटचा

कंडक्टरला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्याच्या अंगातली बस काही डेपोत गेली नव्हती. रोज सकाळी बागेच्या फाटकाशी उभा राहून तो "चला, पुढे सरका, मागच्यांना जागा करा" असं ओरडायचा आणि मग त्याची मंडळी चालायला निघायची. मंडळी म्हणजे काही फौज नव्हे. औषधाचं दुकान सुनेच्या हवाली करून आलेल्या केमिस्टबाई, कुठल्याही गोष्टीला आधी हरकत घेऊन मग मुकाट्याने सामील होणारे हेडक्लार्क, आणि चालताना पुढच्याच्या शर्टाची शिवण तपासणारा शिंपी. या सगळ्यांना मिळून लोक 'पायगाडी' म्हणायचे. नाव चेष्टेने पडलं होतं, पण कंडक्टरला ते मनापासून आवडायचं.

पायगाडीला नदीचा नाद लागला तो चालता चालताच. बागेच्या मागून नदीकाठाने एक वाट जायची, आणि नदीचं पाणी एक दिवस जांभळं, तर एक दिवस पोपटी दिसायचं. वरच्या अंगाला रंगाचा कारखाना होता. म्हणजे चोर कोण हे शेंबड्या पोरालाही कळत होतं, पण सरकारी प्रयोगशाळेला पुरावा लागतो. कारखान्याच्या दर्शनी नळातून तर आंघोळ करावी असं स्वच्छ पाणी पडायचं. चोरपाइप दुसरीकडे कुठेतरी होता. पायगाडीने फोटो टाकले, अर्ज केले, ओळखीच्या आणि बिनओळखीच्या सगळ्यांना संदेश पाठवले. वर्षभर हेच चाललं होतं. आणि मग एके दिवशी पाइप नेमका कुठे आहे हे कंडक्टरला कळलं. कुणाकडून कळलं, हे त्याने केमिस्टबाईंनाही सांगितलं नाही.

आपल्याला सांगायला हरकत नाही. त्याच्या जावयाकडून.

जावई त्याच कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर होता. लेक, जावई आणि छोटी नात कारखान्याच्या वसाहतीत राहायचे. सासऱ्या-जावयाचं विळ्या-भोपळ्याचं सख्य आहे, असं सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. खरं तर भांडण असं कधी झालंच नव्हतं. लग्नाच्या वेळी कंडक्टर एवढंच म्हणाला होता, "नदी रंगवणाऱ्यांची नोकरी, चांगली आहे हो." जावयाने ते ऐकलं आणि पोटात ठेवलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं म्हणजे "कसं काय?" आणि "ठीक." जावई म्हणजे दहावा ग्रह, असं म्हणून कंडक्टर लांबूनच हात जोडायचा. लोकांनी त्यावर तिखटमीठ लावून कुटुंबाचं महायुद्ध तयार केलं होतं.

अशा या जावयाने एकदा बागेबाहेर सासऱ्याला गाठलं आणि खाली मान घालून म्हणाला, "मामा, बंद पडलेल्या वीटभट्टीपाशी या. थोडं बोलायचंय." कंडक्टरला वाटलं, लेकीचं काही बिनसलं. तिथे गेल्यावर जावई एका दमात बोलून गेला. पाइप कुठून निघतो, कुठल्या झुडपाखाली नदीला मिळतो, कोणत्या वेळी सोडतात. "पोरगी परवा नदीत पाय बुडवून आली," तो म्हणाला. "पायाला फोड आले. मी ज्या यंत्राला तेल घालतो, त्याचंच पाणी ते." आणि मग हळूच, "माझं नाव कुठे यायला नको, मामा. नोकरी जाईल, आणि त्याच दिवशी घरही खाली करायला लावतील."

"बसमध्ये फुकट्या प्रवासी सापडला तरी मी चारचौघांत त्याचं नाव घेतलं नाही," कंडक्टर म्हणाला. "तुमचं घेईन?"

त्या दिवसापासून जावयाचं नाव जपणं हे कंडक्टरचं सर्वांत मोठं काम झालं. त्याने लेकीकडे जाणं बंद केलं. भेटायचं तर वीटभट्टीपाशी. बायको आठवड्याला एकटीच लेकीकडे जायची आणि परत येऊन नवऱ्याला टोमणे मारायची. तो मूग गिळून बसायचा. लोक म्हणाले, बघा, आता तर येणंजाणंही तुटलं. कंडक्टर मनातल्या मनात म्हणायचा, म्हणा, खुशाल म्हणा.

पण पाइपाचं काही जमेना. प्रयोगशाळेच्या माणसाला घेऊन पायगाडी पहाटे झुडपाशी पोहोचावी, तर पाइप कोरडा ठणठणीत, आणि शेजारी कारखान्याचा सुरक्षा अधिकारी दात काढून उभा. हा गृहस्थ सूर्य उगवायच्या आधीपासून काळा चष्मा लावायचा, म्हणून सगळे त्याला गॉगल म्हणायचे. "या, या," तो म्हणायचा. "फिरायला छान जागा आहे." दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा तर तो त्यांच्यासाठी खुर्च्या मांडून बसला होता.

कंडक्टरच्या वरच्या मजल्यावर त्याची पुतणी राहायची. तिचं कामच मुळी लोकांचे संगणक चोरांपासून राखण्याचं. तिने पायगाडीचा वर्ग घेतला. "काका, तुमचा सगळ्यांचा पासवर्ड एकच आहे, आणि तो 'पायगाडी' आहे. धन्य आहे तुमची." तिने पासवर्ड बदलायला लावले, आपोआप पुसले जाणारे संदेश शिकवले, अनोळखी दुव्यावर बोट ठेवलं तर बोट कापीन असा दम भरला. "आणि मोहिमेवर जाताना फोन घरी. खिशातला फोन म्हणजे खिशातला चहाडखोर." सगळ्यांनी निमूट ऐकलं. चौथ्या खेपेला फोन घरी ठेवून, शिंप्याने तर तो गादीखाली घालून वर बायकोला बसवून, मंडळी निघाली. पाइप कोरडाच होता. गॉगलने या वेळी चहाही ठेवला होता.

मग जे व्हायचं तेच झालं. मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. आपल्यातलाच कुणीतरी फितूर आहे, दुसरं काय असणार? कंडक्टरचा संशय हेडक्लार्कवर. इतकी वर्षं सरकारी खुर्ची उबवलेला माणूस, वरच्यांना कळवल्याशिवाय त्याला झोप कशी येईल? हेडक्लार्कांचा संशय शिंप्यावर, कारण कारखान्याचे गणवेश तोच शिवायचा. शिंपी केमिस्टबाईंकडे बघून न बघितल्यासारखं करायचा. शेवटी प्रत्येकाने फितुराला पकडायचं म्हणून दुसऱ्याला मोहिमेचा खोटा दिवस सांगितला. त्या आठवड्यात प्रत्येक जण वेगवेगळ्या पहाटे एकटाच झुडपाशी जाऊन थंडीत कुडकुडत उभा राहिला आणि बाकीच्यांच्या नावाने बोटं मोडत घरी आला. कारखान्याला काहीच करावं लागलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

कंडक्टरला नदीपेक्षाही याचं वाईट वाटलं. चालताना पूर्वी हसून हसून दम लागायचा, आता दम लागल्यावरही कुणी बोलत नव्हतं.

अशातच एका सकाळी तो बागेसमोरच्या टपरीवर एकटाच चहा घेत बसला होता. गॉगल येऊन शेजारी टेकला.

"काय कंडक्टर, या आठवड्यात तिसरे?"

"तिसरा? मी?" कंडक्टर उसळला. "मी दुसरा आहे. पहिल्या बाई, दुसरा मी."

"होता. काल संध्याकाळी हेडक्लार्कांनी मारली बाजी. घराभोवती फेऱ्या मारल्या त्यांनी." गॉगलने चहाचा घोट घेतला. "बाकी तुमच्यात तो पाहुणा कोण हो? नेहमी शेवटचा. चालला तर चालला, नाहीतर आठवडाभर पत्ता नाही."

कंडक्टरने कप खाली ठेवला.

"आहे एक लांबचा," तो कसाबसा म्हणाला.

"लांबचा? माझ्या वसाहतीकडूनच निघतो की." गॉगल हसला. "पहिल्यांदा तुमच्या जावयाचंच नाव मनात आलं. पण तो तर तुमचं नाव काढलं तरी तोंड फिरवतो. शिवाय त्याच्या हातात घड्याळ मी कधी बघितलं नाही. काढेन शोधून. चला, चहाचे मी देतो."

तो निघून गेला तरी कंडक्टर बसूनच राहिला. आधी त्याला रागच आला, तिसऱ्या नंबराचा. माणसाचा स्वभाव बघा! आणि मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. याला माझा नंबर कसा कळला? त्याने आपल्या मनगटाकडे बघितलं. तिथे पिवळ्या पट्ट्याचं घड्याळ होतं.

पावलं मोजणारी ही घड्याळं त्यानेच सगळ्यांसाठी एकदम घेतली होती. सगळ्यांना पिवळे पट्टे. त्यांना फोनही लागत नसे, त्यांच्या पोटातच सिमकार्ड होतं. चालायला लागलं की ॲपच्या नकाशावर आपला ठिपका चालायला लागतो, आणि आठवड्याच्या शेवटी नंबर लागतात. फोन घरी ठेवायला सगळे तयार झाले होते. पण घड्याळ काढायचं? पहाटेची एवढी पावलं फुकट घालवायची? तसा विचारही कुणाच्या मनाला शिवला नव्हता. बरं, तो नकाशा गटापुरता तरी ठेवावा! तोही त्यांनी सगळ्या जगाला उघडा केला होता, आणि तो का? तर तळ्याकाठी चालणाऱ्या दुसऱ्या मंडळींनी तो बघावा आणि जळून खाक व्हावं म्हणून. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

आणि त्याच दुकानातून त्याने एक घड्याळ जावयासाठी घेतलं होतं. पाइपाची खबर दिल्यावर त्याला काय द्यावं हे सुचेना, म्हणून वाढदिवसाचं निमित्त करून दिलं. गटात त्याचं नाव स्वतःच घातलं, 'पाहुणा', आणि मंडळींना लांबचा नातलग म्हणून सांगितलं. काय ती हुशारी! जावयाचं नाव जपायला निघालेला माणूस त्याच्या हातात घंटा बांधून आला होता.

कंडक्टर टपरीवरून घरी कसा आला हे त्याचं त्यालाच कळलं नाही. त्याने पुतणीला हाक मारली. ती खाली आली, त्याच्या फोनवर ॲप उघडलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"काका, मी तुम्हाला सगळं विचारलं. घड्याळाचं विचारायचं राहिलं, चूक माझी." ती नकाशा मोठा करून बघत होती. "हे बघा, तुम्ही बागेतून नदीकडे वळलात की हे ठिपके तिकडे वळतात. घरबसल्या दिसतं. तो तिथून फोन करणार, पाइप बंद. संपलं."

"म्हणजे फितूर कुणीच नाही?"

"आहेत की. सगळे. मनगटावर बांधून फिरताय."

"आणि पाहुणा? त्याचं दार दिसतंय का?"

तिने बराच वेळ बघितलं. तेवढ्यात कंडक्टरचे घरातले सगळे देव आठवून झाले. "नाही," ती म्हणाली. "हे ॲप चालण्याची सुरुवात आणि शेवट झाकून ठेवतं. वसाहतीतल्या कुठल्या तरी गल्लीतून निघाला एवढंच दिसतं. पण वीटभट्टीपाशी तुमचा ठिपका आणि त्याचा ठिपका तासतासभर शेजारी आहेत. काका, तासतासभर काय करत होता?"

"कामाचं बोलत होतो," कंडक्टर तुटकपणे म्हणाला.

"मग त्याला आजच्या आज सांगा. फोनवर नाही, समोरासमोर. घड्याळ काढून टाक, खातं बंद कर. मी तुमच्या सगळ्यांचे नकाशे आता बंद करते, पण त्याचं खातं त्याच्याच घरून बंद करावं लागेल. आणि गॉगलच्या हाती जे लागलं ते लागलं, ते मला परत आणता येत नाही."

दुपारी बागेतल्या बाकावर पायगाडी जमली. कंडक्टरने सगळं सांगितलं, जावयाचा भाग तेवढा वगळून. सगळ्यांनी आपापली घड्याळं काढून मांडीवर ठेवली. हेडक्लार्कांनी आपल्या घड्याळाचा पट्टा नीट गुंडाळला. मग म्हणाले, "मी शिंप्याबद्दल वरपर्यंत बोललो होतो. म्हणजे, बायकोपाशी."

"मी तुमच्याबद्दल," कंडक्टर म्हणाला.

"मला अंदाज होता," हेडक्लार्क म्हणाले. "पण तिसरे आहात, एवढं मात्र खरं."

शिंपी पहिल्यांदा हसला, मग बाई, आणि मग सगळेच इतके हसले की बागेतला माळी येऊन बघून गेला.

पाण्याच्या नमुन्याचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला राहायला नको. त्याच आठवड्यात मंडळी उघड्या मनगटांनी निघाली. प्रयोगशाळेच्या माणसासमोर केमिस्टबाईंनी बाटली धरली आणि तिच्यात शाईसारखं जांभळं पाणी पडलं. गॉगल त्या वेळी घरी नकाशा बघत होता आणि नकाशावर सगळं जग झोपलेलं होतं. कारखान्यावर रीतसर कारवाई सुरू झाली, ती अजून चालू आहे. असल्या गोष्टी चालूच असतात. मला सांगायची आहे ती मात्र त्या बाकावरच्या दुपारनंतरची संध्याकाळ.

"मी आज तुझ्याबरोबर लेकीकडे येतो," कंडक्टरने बायकोला सांगितलं.

बायकोने त्याच्याकडे असं बघितलं, की जणू कपाटाला कंठ फुटला. मग त्याने तिला दार लावून सगळं सांगितलं, अगदी वीटभट्टीपासून. ती ऐकत गेली आणि तिच्या चेहऱ्यावर आधी राग, मग भीती, मग पुन्हा राग आला.

"इतके महिने मी तुम्हाला टोमणे मारले, आणि तुम्ही ऐकून घेतलेत?"

"छान मारतेस," तो म्हणाला.

वसाहतीच्या फाटकाशी तो रेंगाळला. "चेहरा नीट करा," बायको पुटपुटली. "लेकीकडे चाललोय, दरोडा घालायला नाही. नाही, नाही, नीट नका करू! फुगवा. तुमचं जमत नाही ना जावयाशी."

पहारेकऱ्याने बघितलं आणि भुवया उंचावल्या. "आज स्वारी इकडे कशी?"

"हिने ओढून आणलं," कंडक्टर गुरगुरला. हे मात्र त्याला सहज जमलं.

लेकीने दार उघडलं आणि बापाला बघून दारातच उभी राहिली. नात धावत येऊन पायाला बिलगली. तिच्या पायावरचे फोड सुकले होते, नुसते डाग उरले होते. जावई कामावरून येऊन हातपाय धूत होता. तो टॉवेल घेऊन बाहेर आला, सासऱ्याला बघून गडबडला आणि टॉवेल पाठीमागे लपवला. कंडक्टरची नजर आधी त्याच्या मनगटाकडे गेली. मनगट रिकामं होतं.

"घड्याळ कुठे आहे?" त्याने कुजबुजत विचारलं.

"आहे, मामा. कपाटात. जपून ठेवलंय."

"कामावर घालत नाही?"

"यंत्रापाशी हातात काही चालत नाही. अडकलं तर हात जाईल." जावई ओशाळला. "तसा मी घड्याळवाला माणूसच नाही. पण तुम्ही इतकं हौसेनं दिलंत. तुम्हाला भेटायला यायचं, आणि हात रिकामा? बरं दिसेल का? म्हणून तुमच्याकडे येताना तेवढं घालायचो."

कंडक्टर खुर्ची ओढून बसला. म्हणजे हा भला माणूस आठवडाभर ते घड्याळ कपाटात ठेवत होता, आणि जिथे जाताना कुणाला कळता कामा नये, नेमका तिथेच जाताना मनगटावर बांधत होता. का, तर सासऱ्याला वाईट वाटू नये म्हणून! पाहुणा नेहमी शेवटचा का, ते आता कळलं. आणि कामावर ते कुणाच्या नजरेला कधी का पडलं नाही, तेही कळलं. त्याचा जीव भांड्यात पडला. हसावं की रडावं हे न कळून तो नुसताच जावयाच्या ओल्या हाताकडे बघत राहिला.

मग त्याने आवाज खाली ठेवून सगळं सांगितलं. ठिपके, नकाशा, टपरीवरचा गॉगल. जावयाचा चेहरा उतरला. "खातं कुठून बंद करायचं?" त्याने विचारलं. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. जोडलंय हिच्या फोनला."

दोघांनी एकदम लेकीकडे बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात फोन घेऊन उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि कंडक्टरला वाटलं, झालं, आता ही मला धारेवर धरणार.

"म्हणजे तुम्ही पाइपाचं बोलायला भेटत होता?" ती दबक्या आवाजात म्हणाली.

"तुला माहीत होतं आम्ही भेटतो ते?"

"बाबा, घड्याळ माझ्याच फोनला जोडलंय. हे बाहेर पडले की फोन सांगतो, पाहुणा चालायला लागला. मी बघायची. हे वीटभट्टीकडे चालले, आणि बागेकडून तुमचा ठिपका निघाला. मग दोन्ही ठिपके एका जागी." तिने नाक पुसलं. "मला वाटलं, अखेर यांचं जमलं. मी मुद्दाम विचारलं नाही. म्हटलं, विचारलं तर दोघंही लाजून बंद कराल. मी आपली हातातलं काम टाकून त्या दोन ठिपक्यांकडे बघत बसायची. इतकं बरं वाटायचं!"

त्याच नकाशावर गॉगल टपून बसला होता आणि त्याच नकाशावर कंडक्टरची लेक सुखावत होती. कंडक्टरला गॉगलची भीती वाटली होती, पण हे ऐकून त्याला जे वाटलं ते सोसायला त्याहून अवघड होतं.

"आणि मला एक सांगा," लेक डोळे पुसून, आता दबक्याच पण जरा करड्या आवाजात म्हणाली. "पाइप कुठे आहे हे सांगायला किती वेळ लागतो?"

कंडक्टर नातीच्या केसांवरून हात फिरवायला लागला. जावई जमिनीकडे बघत होता.

"पहिल्याच दिवशी सांगून झालं होतं," जावई म्हणाला.

"मग नंतर? एवढ्या वेळा? तासतासभर?"

"असंच," जावई म्हणाला. "मामा बसच्या गोष्टी सांगायचे. मी माझ्या वडिलांच्या. ते लवकर गेले ना. शेंगा असायच्या खायला." तो थांबला. "दर वेळी म्हणायचो, पुढच्या वेळी नको, जोखीम आहे. पण पुढची वेळ आली की जायचो."

हे खरं होतं. नदीसाठी जोखीम घेतोय असं कंडक्टर स्वतःला सांगत आला होता. नदीचं काम तर पहिल्या भेटीतच संपलं होतं. नंतरच्या सगळ्या भेटी त्याच्या स्वतःच्या हौसेच्या होत्या, हा माणूस त्याला आवडायला लागला म्हणून. आणि त्या हौसेपायी त्याने लेकीचं घर पणाला लावलं होतं. त्याला लाज वाटली, आणि लाज वाटूनही आनंद काही कमी होईना.

लेकीने फोनवर बोट ठेवलं. "बंद करतेय." आणि नकाशावरचा पाहुणा नाहीसा झाला. "भेटायचं ते आता घरात भेटा," ती म्हणाली.

"घरात कसं?" जावई हळूच म्हणाला. "आमचं पटत नाही, हीच तर माझी ढाल आहे. मामा येऊन बसायला लागले की गॉगल दोन अधिक दोन करेल."

भिंत पातळ होती. पलीकडे शेजाऱ्यांच्या घरात भांडी घासल्याचा आवाज स्पष्ट येत होता, आणि शेजारी गॉगलच्या हाताखालचाच होता. सगळ्यांनी भिंतीकडे बघितलं. कंडक्टरच्या बायकोला मात्र असल्या वेळी कधी सुचलं नाही असं झालेलं नव्हतं.

"मग भांडायला येत जा," ती म्हणाली.

"काय?"

"सासरा जावयाकडे भांडायला येतो. दर रविवारी. यात संशय कसला? अर्धं जग तेच करतं. सुरुवातीला जरा आवाज चढवा, जाताना चढवा. मधल्या वेळात काय करता ते भिंतीला ऐकू येत नाही."

कंडक्टरने जावयाकडे बघितलं. जावई पांढराफटक पडला होता. "मामांवर आवाज चढवायचा? मला नाही जमणार."

"जमवा," कंडक्टर म्हणाला आणि एकदम बस थांब्यावरच्या आवाजात गरजला, "हे असं घर ठेवतात? पोरीचे पाय बघा! लक्ष कुठे असतं तुमचं?"

पलीकडची भांडी थांबली.

जावयाने हातातला टॉवेल लेकीकडे दिला. "मामा," तो अडखळला, मग डोळे मिटून जोरात म्हणाला, "मामा, तुम्हाला... तुम्हाला काही कळत नाही!" आणि घाबरून सासऱ्याच्या पायाकडे हात नेला. कंडक्टरने तो हात वरच्या वर पकडला आणि धरून ठेवला. लेकीने तोंडात टॉवेलच कोंबला होता. नात टाळ्या पिटत होती.

"अजून," कंडक्टर कुजबुजला. "छान येतंय. अजून बोला."

आणि जावई बोलला. इतक्या वर्षांत न बोललेलं बरंच काही बोलला, त्यातलं थोडंफार खरंही असावं, कारण "लग्नात तुम्ही माझ्या नोकरीला नावं ठेवलीत" हेही त्यात आलं. कंडक्टर तितक्याच जोरात ओरडला, "चुकलो मी!" मग भानावर येऊन भिंतीसाठी पुढे जोडलं, "चुकलो मी, इथे लेक दिली ती!" बायकोने कपाळाला हात लावला.

मग दोघं टेबलापाशी बसले, आणि भांडी पुन्हा वाजू लागल्यावर हळू आवाजात गप्पा सुरू झाल्या.

निघताना पुन्हा एक फेरी झाली, या वेळी जावयाने दारही आपटलं. फाटकाशी पहारेकरी नव्हे, खुद्द गॉगल उभा होता. संध्याकाळीही चष्मा होताच.

"आवाज इथपर्यंत आला," तो म्हणाला. "फारच वाजलं वाटतं."

"विचारू नका," कंडक्टर कपाळाला आठ्या घालून म्हणाला. "मला म्हणतो, तुम्हाला काही कळत नाही. मला!"

"मग आता येणं बंदच म्हणा."

"बंद कसं?" कंडक्टर म्हणाला. "रविवारी परत येणार आहे. माझं बोलून कुठे झालंय अजून."